पुडिफटबाईंचा दगड

कबरस्तानात गेलं की डॉक्टर प्रमोदिनी टिपणीस निदान करत सुटतात. सवय चांगली नव्हे, पण आता पंचाहत्तरीला ती सुटायचीही नाही. तरुण बाई आणि त्याच तारखेचं तान्हं मूल दिसलं की 'बाळंतपण' म्हणतात. एकाच महिन्यात तीन भावंडं गेलेली दिसली की 'घटसर्प' म्हणून पुढे होतात. नव्वदी गाठलेला कोणी भेटला तर मात्र थांबतात आणि 'हे आमचं गिऱ्हाईक' असं पुटपुटत त्या दगडावर हलकी थाप मारतात. उभी नोकरी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात गेली, दुसरं काय होणार!

तो वॉर्डही त्यांनी मागून घेतला नव्हता. मिरजेला डॉक्टरी शिकून, नवऱ्याच्या म्हणजे शशिधररावांच्या पाठोपाठ त्या विलायतेत आल्या, तेव्हा त्यांना हृदयरोग शिकायचा होता. पण हृदय तेव्हा गोऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवलेलं असे. बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला म्हातारी माणसं, लांबलचक वॉर्ड आणि बेडपॅन. पाच वर्षं काढू आणि परत जाऊ, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. ती पाच वर्षं अजून संपायची आहेत. शशिधरराव मधेच वारले, मुलगी वरदा ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत रमली आणि बाई वॉटफर्डमधल्या त्याच लाल विटांच्या घरात राहिल्या.

वॉर्डात त्यांची एक पद्धत होती. नवीन पेशंटला 'कुठं दुखतंय' हा त्यांचा दुसरा प्रश्न असायचा. पहिला प्रश्न, 'तुमची पहिली नोकरी कुठली?' भ्रमिष्ट म्हणून पाठवलेली एक आजी या प्रश्नानंतर तासभर अगदी सरळ बोलली होती, कारण लहानपणी ती ल्यूटनच्या टोप्यांसाठी गवताच्या वेण्या घालायची आणि ते तिच्या बोटांना अजून आठवत होतं. माणूस पहिल्यांदा कशावर उभा राहिला हे कळलं की त्याला पुन्हा उभं कसं करायचं हे कळतं, असं बाईंचं म्हणणं. बरोबरचे मोठे डॉक्टर हसायचे. हसू देत. बाईंच्या वॉर्डातून चालत घरी जाणाऱ्यांची संख्या पाहून पुढं त्यांचं हसणं आपोआप बंद झालं.

आता डार्नलीबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट जागची हलत नाही.

बाईंना सख्खा भाऊ नाही. भाऊ नसला की भाऊबिजेला चंद्राला ओवाळायचं, हा आपल्याकडचा सोपा तोडगा. पण ज्यांनी तो काढला त्यांनी नोव्हेंबरातलं वॉटफर्ड पाहिलेलं नव्हतं. इथल्या पहिल्याच भाऊबिजेला बाई तबक घेऊन दारात उभ्या राहिल्या, तर आभाळ घोंगडं पांघरून बसलेलं. शशिधरराव ड्यूटीवर, निरांजन फडफडतंय, बोटं बधिर, आणि चंद्राचा पत्ता नाही. तेवढ्यात शेजारच्या घरातला डार्नली गिटन्स कामावरून परतला. तो मूळचा बार्बाडोस बेटाचा. लंडनच्या बसगाड्या चालवायला माणसं मिळेनात, म्हणून थेट त्या बेटावर जाऊन भरती केली होती, त्यात तो आलेला. पुढं गार्स्टनच्या डेपोत ड्रायव्हर. बाईंची वीज गेली असं वाटून त्यानं विचारलं, "फ्यूज बघू का?"

बाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं. पेटवलेलं निरांजन तसंच आत नेणं त्यांच्या जिवावर आलं होतं. काहीतरी देवाधर्माचं आहे एवढं ओळखून डार्नलीनं अदबीनं टोपी काढली. "छे छे, टोपी असू द्या!" असं म्हणून बाईंनी ती परत त्याला डोक्यावर ठेवायला लावली आणि त्याला ओवाळून मोकळ्या झाल्या. भावानं तबकात काहीतरी टाकायचं असतं, हेही न लाजता सांगितलं. त्यानं खिसे चाचपले. निघाल्या त्या पेपरमिंटच्या गोळ्या. त्याच टाकल्या.

तेव्हापासून एकही भाऊबीज चुकलेली नाही, आणि ओवाळणीही बदललेली नाही. डार्नली त्यांना 'टाई' म्हणतो. 'ताई' त्याला कधी जमलं नाही, आणि बाईंनी ते सुधारलंही नाही. दोघांचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालतं, त्याचं बेटावरचं आणि यांचं मिरजेचं. आपण इथं ते मराठीत ऐकू. बाईंच्या डोळ्यांमुळे त्यांचं गाडी चालवणं सुटलं, तेव्हापासून दर गुरुवारी सामानाला तोच त्यांना घेऊन जातो.

तर त्या दिवशी डार्नलीच्या डेपोतला एक जुना सोबती वारला होता. वॉटफर्डच्या पलीकडच्या एका लहानशा गावातल्या चर्चमध्ये प्रार्थना होती. ती झाल्यावर डेपोतली मंडळी चहा घेत जुन्या रूटच्या गोष्टी करत बसली आणि बाई मागच्या आवारात निदानं करायला निघाल्या. घटसर्प, बाळंतपण, घटसर्प असं करत त्या कुंपणापाशी आल्या. तिथं एक दगड पुढच्या बाजूला असा झुकला होता की कोणी शिंकलं तरी पडावा. वर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, पिवळा स्टिकर. वाचण्यासाठी बाईंना गवतात जवळपास बसावं लागलं. शेवाळाखालून अक्षरं हाती लागली ती अशी:

'हॅना पुडिफट. विल्यम पुडिफट, सुतार, याची विधवा. त्याला आणि आपल्या एकुलत्या मुलाला बुलामा बेटाच्या मातीत ठेवून ती परत आली. वय अठ्ठ्याहत्तर.'

खाली गवत माजलेलं होतं.

अठ्ठ्याहत्तर म्हणजे आमचंच गिऱ्हाईक, असं म्हणून बाई थाप मारायला गेल्या, पण हात तसाच राहिला. बुलामा? हे बेट कुठलं? आणि सुताराची बायको तिथं कशाला गेली होती? नेहमीचा पहिला प्रश्न त्यांच्या जिभेवर आला आणि उत्तर द्यायला पेशंट नव्हता. स्टिकरवर लिहिलं होतं की दगड धोकादायक आहे. महिनाअखेरपर्यंत कोणी नातेवाईक पुढं न आल्यास तो आडवा करण्यात येईल. झुकला होता तो तोंडाच्या बाजूनं. आडवा करायचा म्हणजे तोंडावरच पडणार. मग एवढ्या लांबून परत आलेल्या बाईचं नाव मातीकडे तोंड करून कायमचं निजणार.

"हे बरं नाही," बाई मोठ्यानं म्हणाल्या. आजूबाजूला ऐकायला सगळे मेलेलेच होते.

घरी आल्यावर त्यांनी वरदाला फोन केला, दुसऱ्या दिवशी ग्रंथालय गाठलं आणि आठवडाभर दुसरं काही केलं नाही. बुलामा म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट. आजच्या गिनी-बिसाऊ देशात. १७९२ साली इथून दोन-अडीचशे माणसं बायकापोरांसकट जहाजांत बसून तिकडे वसाहत करायला निघाली. सुतार, शेतकरी, शिंपी, काही बेकार सैनिक. आणि त्यांनी आपसात एक नियम ठरवला होता: आमच्या बेटावर गुलाम असणार नाही. जमीन कसायला माणसं लागली तर तिथल्याच लोकांना मजुरी देऊन बोलवायचं. मुक्त माणूसही कापूस पिकवतो, ऊस लावतो, त्याला चाबूक लागत नाही, हे जगाला करून दाखवायचं.

बाईंनी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ज्या काळात या देशातल्या प्रत्येक चहाच्या कपात गुलामाच्या घामाची साखर विरघळत होती, ज्या काळात भल्याभल्या पंडितांना आणि पाद्र्यांना त्यात वावगं दिसत नव्हतं, त्या काळात हर्टफर्डशरच्या कुठल्याशा सुतारानं आपली करवत आणि बायको घेऊन एका नियमावर समुद्र ओलांडला. आपण पाच वर्षांच्या हिशेबानं आलो, पगार ठरवून आलो, तरी विमानात रडलो, हे त्यांना आठवलं.

पण पुढचं वाचताना त्यांना तितकाच संताप आला. काय ती तयारी! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी तऱ्हा. जहाजं पोचली ती ऐन पावसाळा सुरू होताना, आणि राहायला घरं नाहीत. पुढं गेलेले लोक बेटावर उतरून मोकळे झाले, बेट ज्यांचं होतं त्यांना विचारायचं राहूनच गेलं. ते लोक चालून आले, माणसं मारली गेली, बायकापोरं पकडून नेली. मग वरातीमागून घोडं आणावं तसा बेट विकत घेण्याचा करार झाला. आणि ताप? बाई डॉक्टर. त्या पानांवर त्यांना तो ताप जसाच्या तसा दिसत होता, पिवळे पडलेले डोळे, काळी उलटी. औषध तर राहोच, डासामुळे होतो हे ठाऊक होण्याआधी अख्खं शतक लोटायचं होतं. बरीचशी माणसं पहिल्या पावसातच परत फिरली. जी राहिली त्यांतली बहुतेक मेली. दीड वर्षात बेट ओस पडलं. कुठल्याही हिशेबानं ती फजितीच होती.

तरीही बाईंचं बोट एका जागी अडलं. किनाऱ्यावरचे आफ्रिकी लोक तिथं मजुरीवर आले होते. गोऱ्यांची माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत असताना त्यांना पळून जाता आलं असतं. पायात साखळी नव्हती, समोर समुद्र होता, आणि होडी त्यांचीच होती. गावी जाऊन ते परत आले, आणि काम करत राहिले. जिवंत परतलेल्या म्होरक्यानं इथं येऊन तेच सांगितलं, लिहिलं: मुक्त माणूस काम करतो, मी पाहिलं आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्रजांच्या पार्लमेंटनं गुलामांचा व्यापार बंद केला. या बेटामुळे केला, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. तो लढा फार मोठा होता आणि गुलाम स्वतः त्यात सर्वांच्या पुढे होते. पण त्या ढिगात हा एक खडा होता, आणि तो खडा हॅना पुडिफटच्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या मोलानं आला होता. बाईंना तो दगड आता कोणत्याही परिस्थितीत उभा हवा होता.

कौन्सिलच्या ऑफिसात टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव, आश्लेषा. बाईंनी आडनावाकडे पाहिलं आणि सरळ मराठीत सुरुवात केली. मुलगी दचकली, मग खुलली.

"ओ माय गॉड, काकू! सॉरी हां, माझा मराठी थोडा रस्टी आहे. मी इथेच बॉर्न आहे, वॉटफर्ड जनरलला."

"मग मी तुला पाळण्यात पाहिलेलं असेल. हे बघ, त्या चर्चमागचा पुडिफटचा दगड मला उभा करून घ्यायचा आहे. खर्च माझा."

आश्लेषानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "हां, ही दगड अनसेफ आहे. टेस्टमध्ये फेल झाली. करता येईल काकू, पण परमिशन फक्त फॅमिलीला मिळते. रिलेशनशिप टू द डिसीज्ड काय टाकू?"

"बहीण."

मुलीची बोटं थांबली. "बहीण? काकू, ती बाई एटीन फॉर्टी-समथिंगला गेला आहे!"

"वयात थोडं अंतर आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "मानलेली बहीण."

"म्हणजे अडॉप्टेड?"

"अडॉप्शनला कोर्ट लागतं. मानायला नाही लागत. तू मघापासून मला काकू म्हणतेयस. मी काय तुझ्या काकाची बायको आहे?"

आश्लेषा हसली. "नाही, पण ते तर आपण सगळ्यांनाच म्हणतो."

"का म्हणतो?"

"आईनं शिकवलं म्हणून," ती म्हणाली. बाई पुढं झुकल्या. "मानला तर देव, नाही तर धोंडा. ऐकलंयस ना आजीकडून? या बाईला या जगात आता रक्ताचं कोणी नाही. नवरा आणि मूल तिकडे बेटावर राहिले. मी तिला मानते. तुझ्या सिस्टममध्ये बसव कुठंतरी."

आश्लेषानं स्क्रीनवरची यादी खालपर्यंत सरकवली. मग म्हणाली, "अदर म्हणून एक ऑप्शन आहे. तिथे टाकते, 'सिस्टर, बाय कस्टम'. चर्चच्या दारावर नोटीस लागेल. कोणी रिअल फॅमिली आली नाही तर मॅनेजर हो म्हणेल, मी त्याला एक्सप्लेन करेन. पण काकू, तुम्ही हे का करता आहे?"

"तिला एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून," बाई म्हणाल्या.

बाहेर डार्नली गाडीत वाट पाहत होता. फत्ते झाल्याच्या आनंदात बाईंनी त्याला बेटाची सगळी कथा सांगितली, सुतारापासून तापापर्यंत.

"टाई," घरापाशी गाडी थांबवून तो म्हणाला, "माझं आडनाव माझ्या पणज्याच्या मालकाचं आहे. माझ्या माणसांना बार्बाडोसला नेऊन ऊस तोडायला लावणारे इथलेच. आणि तिकडे दुसऱ्याच्या बेटावर न विचारता झेंडा रोवायला गेलेले, तेही इथलेच. आता म्हणे ते आमच्या भल्यासाठी गेले होते. पडू दे तो दगड."

"त्यांनी गुलाम ठेवले नाहीत, डार्नली. पगार दिला."

"माणसाला त्याच्या कामाचे पैसे दिले, यासाठी आता पुतळा उभारायचा?"

बाई चिडल्या. "तुला कळत नसेल तर राहू दे," असं म्हणून त्यांनी गाडीचं दार आपटलं. घरात जाऊन चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला जास्तच कळत होतं. वसाहत ती वसाहतच. मिरजेच्या मुलीला हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तरी त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पालथं घालायला त्यांचं मन घेईना. चूक करायला गेलेली माणसं एखादी खरी गोष्ट बरोबर घेऊन परततात, हे कसं सांगायचं? त्या गुरुवारी डार्नली आला नाही. पुढच्याही नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. बाई शॉपिंगची पिशवी घेऊन एकट्याच बसनं गेल्या आणि धणेजिरे विसरून आल्या.

चर्चच्या दारावर नोटीस राहिली तितके दिवस राहिली. पुडिफट आडनावाचं कोणी आलं नाही. आश्लेषाचा फोन आला, "काकू, मॅनेजर हो बोलला!" बाईंनी पेन्शनमधून पाथरवटाला पैसे भरले, किती, ते वरदालाही सांगितलं नाही.

दगड उचलायच्या दिवशी सकाळी त्या कोट घालून बसस्टॉपवर उभ्या होत्या, तर डार्नलीची गाडी समोर येऊन थांबली. त्यानं काच खाली केली. "ती बस त्या गावापर्यंत जात नाही, टाई. अर्ध्या वाटेतच वळते. मी ती अकरा वर्षं चालवली आहे."

बाई आत बसल्या. वाटेत तो एवढंच म्हणाला, "मी तुझ्यासाठी आलोय. त्या बाईसाठी नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

तो गाडीतच बसून राहिला. पाथरवटानं तिवई उभी केली, दगडाला पट्टे बांधले आणि साखळी ओढायला घेतली. दगड निघता निघेना. "बाई, हा वाटला त्याच्यापेक्षा खोल आहे," तो म्हणाला. "दोनशे वर्षांची माती आणि पानं साचून जमीन वर आलीय. अजून बराच खाली दिसतोय." शेवटी चिखलानं भलामोठा आवाज केला आणि दगड वर आला, मातीनं लडबडलेला, गवताच्या मुळ्या लोंबणारा. पाथरवटानं बादलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं, ब्रश फिरवला, आणि थांबला.

"खाली आणखी लिहिलंय," तो म्हणाला.

बाई पुढं गेल्या, पण डोळ्यांपुढं नुसत्या करड्या रेघा. आयुष्यभर थडगी वाचली आणि आजच वाचता येऊ नये! "डार्नली," त्यांनी हाक मारली. हाकेत काय होतं कोण जाणे, तो लगेच गाडीतून उतरला.

वरची ओळ शेवाळानं खाल्ली होती. खालची मात्र मातीत झाकलेली राहिल्यानं काल कोरल्यासारखी होती. डार्नली चॅपेलमध्ये दर रविवारी बायबल वाचतो, त्याला वाचायचा आवाज आहे. त्या आवाजात त्यानं सुरुवात केली.

"आणि डोमिंगो, त्याच किनाऱ्याचा, मुक्त माणूस. यानं मजुरी घेऊन काम केलं. याला कोणी विकत घेतलं नव्हतं. सगळे गेले तेव्हा हा थांबला आणि तिला घरी घेऊन आला." मग त्यानं शेवटची ओळ वाचली. "ती याला भाऊ मानत असे."

पाथरवटाच्या हातातल्या ब्रशवरून पाणी ठिबकत होतं. बाईंनी डार्नलीचा दंड धरला. हे अक्षर कोणी कोरून घेतलं असेल, गावानं की म्हाताऱ्या हॅनानं मरायच्या आधी, देव जाणे. बायबलाखेरीज दुसरं पुस्तक नसलेल्या त्या गावात, इतक्या वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडून आलेला एक काळा माणूस आणि एक सुताराची विधवा एकाच मातीत ठेवली गेली, आणि का ठेवली हे लाज न बाळगता दगडावर लिहिलं गेलं. बाईंनी कौन्सिलच्या टेबलावर गंमत म्हणून, अडून बसायचं म्हणून जे म्हटलं होतं, ते या बाईनं आधीच करून ठेवलेलं होतं. तिला तर भाऊबीजही माहीत नव्हती.

डार्नलीनं ती ओळ पुन्हा वाचली, आता मनातल्या मनात, बोट फिरवत. 'विकत घेतलं नव्हतं' या शब्दांवर त्याचं बोट बराच वेळ राहिलं. मग त्यानं टोपी काढली. या खेपेला बाई 'असू द्या' म्हणाल्या नाहीत.

"त्याला जाता आलं असतं," तो म्हणाला.

"हो."

"होडी त्याचीच होती."

"हो."

पाथरवटानं विचारलं की दगड पहिल्यासारखा तेवढ्याच खोल बसवायचा का. तसा बसवणं सोपं. बाई बोलणार तोच डार्नली म्हणाला, "नाही. वर घ्या. खाली नवा पाया घाला, काय लागेल ते करा. पण हे नाव पुन्हा मातीत जाता कामा नये." पाथरवट बाईंकडे पाहू लागला, कारण पैसे त्यांनी भरले होते. बाईंनी मान हलवली.

दुपार कलायला लागली तेव्हा दगड सरळ उभा होता, दोन्ही नावं उजेडात. बाईंनी जवळ जाऊन हॅनाच्या नावावर नेहमीची थाप मारली आणि खालच्या नावापाशी जरा वाकून विचारलं, "तुमची पहिली नोकरी कुठली?" मग त्यांनाच हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले, कारण या पेशंटचं उत्तर तर दगडावरच लिहिलेलं होतं.

डार्नलीनं खिशात हात घातला. पेपरमिंटच्या गोळ्या. भाऊबीज अजून लांब होती.

"टाई, या माणसाला कोणी सांगितलं असेल का, की तबकात काहीतरी टाकायचं असतं?"

"कोण सांगणार? तिलाच कुठं माहीत होतं मागायचं!"

त्यानं एक गोळी काढून वरच्या नावापुढे, हॅनापुढे, दगडाच्या पायाशी ठेवली. "डोमिंगोच्या वतीनं," तो म्हणाला. मग टोपी घातली आणि बाईंना हात देऊन गाडीकडे घेऊन गेला.